बसून मेलेली चंद्रव्वा

चंद्रव्वा आयुष्यात एकदाच मेली, आणि तेही तिला नीट जमलं नाही. मेलेल्या माणसानं जी एक गोष्ट करायची नसते तीच तिनं केली. ती बोलली. याला आता वर्ष होत आलं, पण सोलापुरातल्या तिच्या चाळीत अजून कुणी ना कुणी हा विषय काढतंच, आणि काढला की चंद्रव्वा पदर तोंडाला लावून हसते. "पयलंच मरन हुतं की," म्हणते, "पुडच्या येळंला चुकायची न्हाय."

मरण अर्थात सिनेमातलं. पण ते सांगायचं तर आधी चंद्रव्वाला जितेपणी थोडं बघावं लागेल.

ती मूळची अक्कलकोटच्या पलीकडची. माहेरी सगळं कानडी. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा मराठीतले दोनच शब्द तिच्याजवळ होते, एक व्हय आणि एक न्हाय, आणि नवरा शिवपुत्र याच्याबरोबर संसार करायला तेवढे पुरले. शिवपुत्र भुसार दुकानात कामाला होता. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचा इतका कमी की घरात आहे की दुकानात गेलाय हे चपला बघून ठरवावं लागे. भाषा येत नाही म्हणून चंद्रव्वाला सुरुवातीला कुणाकडं जायची लाज वाटायची. पुढं भाषा आली, पण सवय तशीच राहिली. माणसानं आपल्याकडं यावं, बसावं, बोलावं, चहा प्यावा. आपण उठून कुणाकडं जायचं नाही. भावाकडं अक्कलकोटला जायचं तरी ती चार दिवस आधीपासून कुरकुरायची. लोकांना वाटायचं बाई गर्विष्ठ आहे. गर्व वगैरे काही नव्हता, दार ओलांडलं की तिचे पाय जड व्हायचे एवढंच.

अशा बाईला चांगुणा भेटली ती टॉवेल-चादरीच्या कारखान्यात. मागावरून उतरून, धुऊन, वाळून आलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम दोघींना मिळालं. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, मग एकीनं जागेवर उभं राहायचं आणि दुसरीनं चालत जाऊन आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे. उभी कोण राहणार हे सांगायला नकोच. चंद्रव्वा खांबासारखी उभी आणि चांगुणा दिवसभर तिच्याकडं चालत. जाते, कोपरे देते, खाली वाकून घडीची कड उचलते, मागं सरकते, पुन्हा जाते. तेवढं चालण्यात चांगुणा दर महिन्याला अक्कलकोटला जाऊन आली असती.

चांगुणा राहायची बुद्धविहाराच्या गल्लीत, चंद्रव्वाच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. अंगानं काटक, आवाज खणखणीत आणि वादाला केव्हाही तयार. चादरीच्या त्या टोकाला उभं राहून ती दिवसभर बोलायची. चंद्रव्वाची सगळी मराठी तिच्याकडून आलेली आहे, शिव्यांसकट. शिवपुत्र वारला तेव्हा मयताला पहिली आली चांगुणा आणि शेवटी गेली तीही चांगुणाच. पुढं दोघींचे गुडघे बोलायला लागले, काम सुटलं, चंद्रव्वा घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकायला लागली. पण रोज दुपारी चांगुणा तिच्या दारात हजर. चंद्रव्वा चहा टाकणार, चांगुणा गल्लीच्या बातम्या सांगणार. मुलगा गुरू याची बायको दानेश्वरी गमतीनं म्हणायची, "आत्याबाई, टीव्ही बंद करून टाकू का? तुमचं च्यानेल तर रोज चालत घरी येतंय."

चांगुणाचा नातू सिद्धांत. शिकला इंजिनियरिंग, घरी बसून कुठल्या तरी कंपनीचं काम करतो, आणि उरलेला सगळा वेळ सिनेमाच्या वेडात घालवतो. त्यानं एक गोष्ट लिहिली. एक म्हातारी मरते आणि परलोकात पोचते. तिथं तिला तिचा नवरा भेटतो. हा नवरा जन्मभर मुका राहिलेला, मेल्यावर मात्र त्याला वाचा फुटलेली, आणि आता तो थांबायचंच नाव घेत नाही. लग्नात तू कशी दिसत होतीस इथपासून सुरुवात करून तो सगळं राहून गेलेलं प्रेम एका दमात बोलायला लागतो. म्हातारी आधी सुखावते, मग वैतागते, आणि शेवटी परलोकाच्या कट्ट्यावर बसून खाली राहिलेल्या मैत्रिणीची वाट बघते, की ती आली म्हणजे जरा सावकाश चार शब्द बोलता येतील; आणि एक दिवस ती येतेच.

गोष्ट कुठून उचलली आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. सिद्धांतनं ती दोन्ही आज्यांना एकदमच वाचून दाखवली, चंद्रव्वाच्या घरी, चहाच्या वेळेला. म्हणाला, "तुम्ही दोघींनीच करायचं. दुसरं कोणी नको."

चांगुणानं बशी खाली ठेवली. "म्या न्हाय. आत्मा न्हाय, परलोक न्हाय, सरग-नरक काय न्हाय, हे तुला ल्हानपनापासनं सांगितलं की न्हाय? मानूस मेलं की संपलं. आन् तू मला ढगात बसवायला निगालास व्हय?"

"आजी, सिनेमाय नुसता. कुणी मानायला सांगतंय का?"

"नुसता आसूदे. मी मेल्यावर कुटंबी जानार न्हाय."

सिद्धांतनं आशेनं चंद्रव्वाकडं पाहिलं. चंद्रव्वा म्हणाली, "आमच्यातबी कोन कुटं जात न्हाय, बाळा. मानूस शिवात मिळून जातंय. मिटाचा खडा पान्यात टाकल्यावानी. मागं भेटायला कोन उरतंय?"

म्हणजे एका आजीच्या धर्मात परलोक नाही आणि दुसरीच्यात असला तरी तिथं चहाला बसायची सोय नाही. सिद्धांत डोकं धरून बसला. चांगुणा विजयी मुद्रेनं उठली, कप विसळून पालथा घातला आणि घरी गेली. ती गेल्यावर पोरगं काकुळतीला आलं. "चंद्रव्वा आज्जी, तुम्ही तरी हो म्हणा की. आता नाही केला तर मग कधीच नाही. आम्ही पुण्याला गेल्यावर इथं येऊन शूटिंग कसं करू मी?"

"पुन्याला? कशापायी?"

"पप्पांची बदली झाली ना. सगळेच चाललोय, आजीसुद्धा. म्हणजे... आजी बोलली असेल ना तुम्हाला?"

चंद्रव्वानं चहाचं भांडं विसळायला घेतलं. विसळलेलं भांडंच तिनं पुन्हा विसळलं. मग म्हणाली, "बोलली आसंल. माज्या ध्येनात न्हाई ऱ्हायलं. आन् हे बघ, मी इचारलं म्हनून तिला सांगू नगो."

त्या दिवशी दानेश्वरीला भाकऱ्या जरा जास्तच कडक लागल्या. चंद्रव्वाला वाईट वाटलं, खूप वाटलं. प्रदीपची, म्हणजे चांगुणाच्या मुलाची बदली होते, घरात बांधाबांध सुरू होते, नातवाला ठाऊक, सुनेला ठाऊक, आणि रोज समोर बसून चहा पिणारी बाई गल्लीतल्या मांजरीला पिल्लं किती झाली ते सांगते, हे सांगत नाही. जायचं असेल तर जाऊ दे. लेक नेतोय, जायलाच पाहिजे. पण आपल्या तोंडानं सांगून जावं. विचारायला आपण जायचं नाही, तिनं येऊन सांगायचं. चंद्रव्वानं मनाशी एवढं एकच धरलं. आणि दुसऱ्या दिवशी सिद्धांतला म्हणाली, "करते तुजा सिनेमा. पर आजीला रोज संगं आनायचं."

परलोक उभा केला त्याच जुन्या कारखान्याच्या गच्चीवर. मालकानं पांढऱ्या चादरी दिल्या, पोरांनी त्या दोऱ्यांवर टांगल्या, आणि लांबून बघितलं तर खरोखर ढगात आल्यासारखं वाटायचं. जवळून मात्र तो सोलापूरचा मार्च महिनाच होता. चप्पल काढली की पाय भाजायचे. परलोकात अनवाणी चालायचं असं सिद्धांतनं लिहून ठेवलं होतं, ते पहिल्याच दिवशी खोडावं लागलं, आणि त्याच्या परलोकातले सगळे आत्मे रबरी चपला घालून हिंडायला लागले.

नवऱ्याचं काम ज्ञानबाला दिलं होतं. ज्ञानबा एस्टीचा रिटायर कंडक्टर. सांगोला, मंगळवेढा, माढा असे सगळे रस्ते फिरलेला आणि त्या सगळ्या रस्त्यांवर अखंड बोललेला माणूस. त्याला बोलायला सांगायची गरज नव्हती, थांबायला सांगायची होती. कॅमेरा बंद झाला तरी तो चंद्रव्वाला लग्नातल्या वरातीचं सांगत राहायचा. "मला बग बाई कानात घुंगरू बांधल्यासारकं झालंय," चंद्रव्वा जेवताना म्हणाली. "त्यापरीस माजा शिवपुत्र बरा हुता." पण ज्ञानबा जेव्हा त्या लिहून दिलेल्या वाक्यावर आला, की तू घरात वावरताना तुझ्या बांगड्या ऐकायला मी गप्प बसायचो, तेव्हा चंद्रव्वा पुढचं विसरली आणि चादरीआड जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

चांगुणा रोज यायची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत थर्मास घेऊन बसायची. "मी बगायला आलीया, मराया न्हाय," असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत चंद्रव्वा तिच्याजवळ जाऊन टेकायची आणि तिला बोलायला वाट करून द्यायची.

"पुन्यात म्हनं लई थंडी आसती," चंद्रव्वा आभाळाकडं बघून म्हणायची.

"आसंल," चांगुणा चहा ओतायची.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा म्हणायची, "आपली मानसं लांब गेली की जीव रमत न्हाय म्हनं."

"च्यात साकर कमी झाली का गं?"

एवढी उघड्या तोंडाची बाई, पण नेमकं एवढंच तिच्या तोंडातून निघेना. चंद्रव्वाला कळेना, की हिला सांगायचंच नाही, की आपण तिच्या लेखी सांगण्याइतक्याही उरलो नाही. हे दुसरं मनात आलं की ती अर्धा कप तसाच खाली ठेवायची.

शेवटच्या दिवशी मरणाचं शूटिंग होतं. तेवढं चंद्रव्वाच्याच घरी, पुढच्या खोलीत. सिद्धांतनं जमिनीवर चटई टाकली, वर पांढरी चादर, उशाला दिवा. चंद्रव्वा मरून पडलेली आहे आणि मैत्रीण येऊन रडते, एवढाच प्रसंग. मैत्रिणीच्या कामाला बनाबाई होत्या, भजनी मंडळातल्या, नाटकात काम केलेल्या. कॅमेरा लावून झाला. चंद्रव्वा आडवी झाली, डोळे मिटले, सिद्धांतनं 'अ‍ॅक्शन' म्हटलं, आणि ती उठून बसली.

"काय झालं, आज्जी?"

"मला न्हाय जमत. आमच्यात मेलेलं मानूस झोपत न्हाय."

"म्हणजे?"

"बसवत्यात. आंगूळ घालून, इभूती लावून, भिंतीला टेकवून बसवत्यात. बसूनच न्येत्यात, मातीतबी बसवूनच ठिवत्यात. आता मीच मरताना झोपले तर वरती शिवपुत्र काय म्हनंल?"

वरती कुणी जात नाही असं हीच बाई चार दिवसांपूर्वी म्हणाली होती, पण सिद्धांतनं ते काढलं नाही. तो आजीकडं वळला. चांगुणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "खरं हाय," ती म्हणाली. "शिवपुत्रभाऊंस्नी असंच बसवलं हुतं. दिवसभर मी समोर हुते. तू कदी बगितलंस न्हाय म्हनून तुला ठावं न्हाय."

मग कॅमेरा हलला, दिवा हलला. दानेश्वरीनं सासूच्या कपाळाला विभूती लावली, गळ्यात हार घातला आणि तिला असं जितं-जागतं सजवताना बिचारीच्याच डोळ्यांत पाणी आलं. चंद्रव्वा भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, ताठ बसली. अगदी रोज दुपारी बसते तशीच. डोळे पुरते मिटले नव्हते; पापणीखालून समोरचं सगळं दिसत होतं. आणि आता मयताला येणाऱ्या माणसाला तिच्या पायाशी नाही, तोंडासमोर बसावं लागणार होतं.

बनाबाई आल्या. आल्या त्या किंचाळतच आल्या. छाती बडवली, जमिनीवर लोळल्या, आणि चंद्रव्वाच्या गळ्यात पडल्या तेव्हा हारातलं एक फूल मेलेल्या बाईच्या नाकात गेलं. ती शिंकली. पुन्हा घेतलं. बनाबाईंनी या खेपेला केस मोकळे सोडले. चंद्रव्वाचे खांदे हसून गदगदायला लागले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सिद्धांत घामानं भिजला.

चांगुणाला राहवेना. "आसं रडतंय का कोन मयताला? नाटक लावलंय. सरका बनाबाई."

"आजी, तू करतेस?" सिद्धांतनं श्वास रोखून विचारलं.

"मी आत्मा-बित्मा हुनार न्हाय. मी जित्तीच ऱ्हानार. मयताला आलेली बाई. ते काय खोटं न्हाय, तसली मयतं लई केल्यात म्या."

"बरं. काय बोलायचं ते—"

"मला नगो सांगू."

ती आत आली. चपला दारात काढल्या, पदर सारखा केला आणि चंद्रव्वाच्या समोर बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. चंद्रव्वाला पापणीखालून तिचे हात तेवढे दिसत होते. त्या हातांनी पदराचा कोपरा धरला होता आणि ते त्याच्या बारीक बारीक घड्या घालत होते. खोलीत पंखासुद्धा बंद केलेला होता.

"चंद्रे," चांगुणा म्हणाली. घडी मोडली, पुन्हा घातली.

"तू दिलेलं हिरवं लुगडं नेसून यावं म्हटलं हुतं. पर त्ये खोक्यात गेलंय. समदंच खोक्यात बांदून ठिवलंय." तिचा तो खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "प्रदीपची बदली झालीया पुन्याला. जयंती झाली की आमी जानार. तुला सांगायला रोज येत हुते. रोज. घरनं निगताना म्हनायचे, आज सांगते. तू दारात दिसली की च्या ठिवायचीस, कप पुडं करायचीस, मग मला वाटायचं एवडा च्या पिऊ, उद्या सांगू. आता मेलीस म्हनून सांगते. जित्तेपनी तुज्या तोंडाकडं बगून सांगवत न्हवतं."

चंद्रव्वा हलली नाही.

"तितं मला कोन हाय? पोरगा हापिसात, सून हापिसात. दुपार झाली की मी कुनाकडं चालत जाऊ? माज्या पायांना दुसरी वाट ठावं न्हाय, चंद्रे."

इतके दिवस चंद्रव्वानं जो राग जपून ठेवला होता तो एका क्षणात कुठं वितळून गेला ते तिला कळलं नाही. सांगण्याइतक्या उरलो नाही असं वाटत होतं, आणि इथं तर सांगवत नाही इतक्या उरलो होतो. तिला या बाईला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. मेलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ओठ दाबून धरले. पण तोंड तिचं, आणि त्या तोंडाला मराठी शिकवली होती चांगुणानं.

"कदी?" मयत म्हणालं.

"सांगितलं की, जयंती झाली की," चांगुणानं सहज उत्तर दिलं. आणि मग दचकली. "गप बस. मेलीयास तू."

"मेले तर मेले." चंद्रव्वानं डोळे उघडले. गालांवरून पाणी वाहत होतं. "तुमच्यात मेल्यावर कोन कुनाला भेटत न्हाय. आमच्यातबी न्हाय. मग जित्तेपनीच येत जा की. म्हैन्याला एकदा. गाडी हाय."

"लई लांब हाय गं."

"ह्या पोराच्या परलोकापरीस जवळ हाय."

चांगुणा हसायला गेली आणि रडली. सिद्धांतनं 'कट' म्हटलंच नाही. कोपऱ्यात बनाबाई रडत होत्या, आणि या खेपेला अजिबात आवाज न करता.

जयंती झाली, मिरवणुकीतल्या निळ्या गुलालाचे डाग अजून रस्त्यावर होते तेव्हाच प्रदीपचा टेम्पो भरला. चंद्रव्वा निरोपाला गेली नाही. ती दारात उभी राहिली, चांगुणाच तिच्याकडं चालत आली, आणि कडक भाकऱ्यांची चवड घेऊन गेली. बोलल्याप्रमाणे महिन्यानं ती आली. त्याच्या पुढच्या महिन्यातही आली. दुपारी दारात दिसली की चंद्रव्वा चहा टाकायची आणि चांगुणा आता गल्लीच्या ऐवजी सोसायटीच्या बातम्या सांगायची, त्यात मांजरीच्या ऐवजी लिफ्ट असायची.

सिनेमा पुरा व्हायला दिवाळी उजाडली. परलोकात मैत्रीण भेटते असा जो शेवट सिद्धांतनं लिहिला होता तो त्यानं काढून टाकला होता. सिनेमा त्या खोलीतच संपत होता. संध्याकाळी बुद्धविहाराच्या सभागृहात तो सगळ्यांना दाखवला, भिंतीवर तीच एक परलोकातली पांढरी चादर ताणून. लिंगायत चाळ आणि बौद्ध गल्ली मांडीला मांडी लावून बसली होती. रबरी चपलांच्या आत्म्यांना शिट्ट्या मिळाल्या. ज्ञानबा पडद्यावर बोलत होता आणि खाली शेजाऱ्याशीही बोलत होता. पण मयत 'कदी?' म्हणालं तेव्हा सगळं सभागृह खदखदून हसलं, आणि परलोकापरीस जवळ हाय म्हटल्यावर एकदम शांत झालं. चंद्रव्वाला आपलं तोंड एवढं मोठं बघायला लाज वाटत होती, म्हणून ती चांगुणाकडं बघत बसली. तेव्हा तिला दिसलं की चांगुणाचे पाय सुजलेत. चपलेचे पट्टे रुतलेत. गाडीत एवढे तास पाय खाली सोडून बसून ती आली होती, उद्या पुन्हा तेवढेच तास बसून जाणार होती, आणि याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. या बाईची ही खोड काही जायची नाही, असं चंद्रव्वाच्या मनात आलं.

लोक चहाकडं गेले. पोरांनी चादर खाली काढली आणि गोळा करून कोपऱ्यात टाकायला निघाली.

"आरं, आसा बोळा करत्यात व्हय चादरीचा?" दोघी एकदमच ओरडल्या.

दोन कोपरे हिनं घेतले, दोन तिनं. ताणली, झटकली. सवयीनं चांगुणानं एक पाय पुढं टाकला आणि तिच्या तोंडातून हलकंसं हाय निघालं.

"थांब तितंच," चंद्रव्वा म्हणाली.

"आँ?"

"थांब म्हनलं की. हलू नगो."

आणि चंद्रव्वा चालायला लागली. सभागृहाच्या फरशीवरून, गुडघ्यावर हात न ठेवता, कोपरे उंच धरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चादर चंद्रव्वाकडून चांगुणाकडं जात होती. कोपरे चांगुणाच्या हातात देऊन ती वाकली, खालची कड उचलली, मागं गेली आणि पुन्हा आली. घडी झाली तेव्हा तिला दम लागला होता.

"फुडच्या म्हैन्यात तू येऊ नगो," ती म्हणाली. "मी येते पुन्याला. गुरूला सांगते तिकीट काडायला."

बाईला अक्कलकोट जड जायचं हे चांगुणाइतकं कुणाला माहीत होतं? तिनं घडी छातीशी धरली, नाक ओढलं, आणि आवाज जमेल तेवढा खणखणीत करून म्हणाली, "खिडकीची जागा धर. आन् च्या मी ठिवनार."